सुजलेला पाय चोळू नये

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातील लहानसे गाव. परंतु महानुभावांची ती काशी होय. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे झाले. पंथाच्या आचारात अटनास, म्हणजे एके ठिकाणी न गुंतता फिरत राहण्यास, मोठे स्थान आहे. त्याचा हेतू वैराग्याचा, आरोग्याचा नव्हे; तरी पायांच्या शिरांचा विचार करू लागलो की आम्हांस त्याची आठवण होते.

हृदय रक्त पायांकडे लोटते. ते वर परत पाठविण्याचे बरेचसे काम पोटऱ्या करितात. चालताना त्यांचे स्नायू आवळतात, नीला पिळल्या जातात आणि आतील झडपा रक्तास खाली उतरू देत नाहीत. मनुष्य तासन्‌तास बसून वा निजून राहिला की रक्त मंदावते व गुठळी होण्याचा संभव वाढतो. आता रिद्धपुरास दूर पंजाबातूनही भाविक येतात, ते गाडीत बसून. प्रवासाने दोन्ही पावले सुजली आणि रात्रीच्या विश्रांतीने उतरली, तर सहसा चिंता नसते. एकच पाय सुजला तर मात्र गोष्ट निराळी.

शिरेचा दाह दोन ठिकाणी होतो. त्वचेलगतची शीर दोरीसारखी कठीण, लाल व दुखरी होते. सलाइनची सुई टोचलेल्या हातावर ही अवस्था पुष्कळांनी पाहिली असेल. ती बहुधा निवते, तरी डॉक्टरांस दाखवावी. खोल नीलेत गुठळी झाली तर वरून फारसे दिसत नाही. पोटरी दुखते, पाय सुजतो, कित्येकदा तेवढेही होत नाही. ही गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूडोल्फ फिरखो या जर्मन वैद्यकवेत्त्याने दाखविले. मग एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते, प्रसंगी प्राणही जातो.

हे संकट बाळंतिणीच्या खोलीत विशेष सावधपणे ओळखले पाहिजे. प्रसूतीत रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गच रक्ताची गोठण्याची शक्ती वाढवितो, आणि पुढील सहा आठवडे हा धोका राहतो. त्यात आमच्याकडे बाळंतिणीस अंथरुणावरून फार उठू देत नाहीत. युरोपातील जुने वैद्य म्हणत, दूध पायात उतरले. आमच्या घरांत म्हणतात, वात भरला. मग आजी तेलाची वाटी ऊन करून पोटरी चोळावयास बसते. तिच्या मायेविषयी शंका नाही; परंतु तोच हात आतील गुठळी हलवू शकतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच: एक पाय सुजला वा पोटरी दुखू लागली, तर चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, धाप लागली तर क्षणभरही थांबू नये. सोनोग्राफीच्या यंत्राने नीलेतील गुठळी पाहता येते व ती वाढू न देणारी औषधे आहेत. शस्त्रक्रियेनंतर अथवा प्रसूतीनंतर, डॉक्टरांची हरकत नसेल तर, रोग्यास लवकर चालवावे. आजीची माया वाया जावयास नको. तिने तेलाची वाटी ठेवून सुनेचा हात धरावा आणि तिला अंगणात चार पावले फिरवावे.