पिता येणारी बोली

कोलोन हे नाव माझ्या कानावर आलं ते तापामुळे. लहानपणी अंग तापलं की आई थंड पाण्यात कोलन वॉटरचे चार थेंब टाकून कपाळावर पट्ट्या ठेवायची. ते सुगंधी पाणी एका जर्मन शहराच्या नावाचं आहे, आणि त्याच शहराच्या नावाची आणखी एक थंड गोष्ट जगात आहे, हे कळायला मध्ये तीस वर्षं गेली. कामानिमित्त ऱ्हाइनकाठच्या त्या शहरात जाणं होऊ लागलं आणि ‘कोल्श’ माझ्या पुढ्यात आली.

पुढ्यात आली असंच म्हणायला हवं, कारण ती पुन्हापुन्हा मागावी लागत नाही. तिथल्या जुन्या मद्यगृहांत निळ्या एप्रनमधला वाढपी, ज्याला ते ‘कोबेस’ म्हणतात, हातात गोल तबक घेऊन फिरत असतो. तबकाच्या मधोमध उंच मूठ, भोवती खाचांमध्ये उभे बारीक पेले. पेला सरळसोट, नळीसारखा, 200 मिलिलिटरचा. तुमचा रिकामा झाला की तो न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. ती चकती तुम्ही पेल्यावर झाकेपर्यंत हे चालू राहतं. कोबेसनं गोड बोलावं अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. पाणी मागणाऱ्याला ‘साबण आणि टॉवेलही आणू का?’ असं विचारणं हा या मंडळींचा जुना विनोद.

म्युनिकच्या लिटरभर मगांच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला हा पेला खेळण्यातला वाटतो. मला मात्र आपला कटिंग चहा आठवला. त्यामागचा हिशेबही तोच: कमी घ्यावं, ताजं घ्यावं, हवं तर पुन्हा घ्यावं. कोल्श रंगानं फिकट सोनेरी आणि नितळ असते. पहिल्या घोटात हिरव्या सफरचंदाची किंवा पेरची अगदी पुसट चाहूल, मग मऊ धान्याची चव, आणि शेवटी जीभ कोरडी करून जाणारा हलका कडूपणा. कुठलीच चव दुसरीवर कुरघोडी करत नाही. पण हा तोल फार नाजूक असतो. दहा मिनिटं पेला तसाच ठेवला तर फेस बसतो, गारवा जातो आणि मागे उरतं ते साधं पिवळं पाणी. मोठ्या पेल्यातला शेवटचा तिसरा हिस्सा तसाच झाला असता.

दिसायला ती आपल्याकडे बाटलीत मिळणाऱ्या लागर बिअरसारखी. जातीनं मात्र एल. एलचं यीस्ट उबेत काम करतं आणि फळांसारखे वास देतं. लागरचं थंडीत काम करतं आणि चव स्वच्छ ठेवतं. कोलोनकर एलचंच यीस्ट वापरतात, पण ते जरा कमी उबेत आंबवतात आणि नंतर बिअर काही आठवडे गोठणबिंदूच्या आसपास मुरत ठेवतात. 1603 साली नगरपरिषदेनं लागरच्या पद्धतीनं बिअर करायला बंदी घातली होती. पुढे लागरनं जग जिंकलं, तरी या शहरानं आपलं यीस्ट सोडलं नाही. चाळीसेक किलोमीटरवरच्या ड्युसेलडॉर्फनंही सोडलं नाही, फक्त त्यांची ‘आल्ट’ तांबूस आणि अधिक कडू. या दोन गावांनी एकमेकांच्या बिअरला नावं ठेवणं हा तिथला नित्याचा करमणुकीचा कार्यक्रम आहे.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी जुनं शहर जवळपास सपाट झालं. चाळीसहून अधिक मद्यनिर्मितीगृहांपैकी दोनच उरली. त्यानंतर ही बिअर पुन्हा उभी राहिली, इतकी की 1986 साली 24 उत्पादकांनी एकत्र येऊन करार केला: कोल्श म्हणजे फिकट, गाळलेली, एलच्या यीस्टची, आणि कोलोन परिसरातच केलेली. 1997 मध्ये युरोपीय संघानंही या नावाला संरक्षण दिलं.

पण कोल्श हे नाव एकट्या बिअरचं नाही. शहराच्या बोलीलाही कोल्शच म्हणतात. ‘जगात पिता येणारी ही एकच भाषा,’ असं तिथले लोक हसून सांगतात. प्रमाण जर्मनमधला ‘गूट’ हा शब्द या बोलीत ‘योट’ होतो. खाद्यपदार्थांच्या यादीत ‘हाल्वे हान’, म्हणजे अर्धा कोंबडा, असं लिहिलेलं असतं. कोंबडीच्या आशेनं मागवलेल्या पाहुण्यापुढे राय धान्याचा पाव, चीज आणि मोहरी येते. माझा तिथला एक सहकारी साठीचा. त्याची आजी कोल्शशिवाय काही बोलत नसे. त्याला सगळं कळतं, बोलताना अडखळतो. त्याच्या मुलांना कार्निव्हलची गाणी येतात, तेवढीच. ‘बिअरला करार मिळाला,’ तो एकदा म्हणाला, ‘बोलीसाठी सही कुणाची घ्यायची?’

हे ऐकून मी गप्प झालो, कारण माझं घर मालवणीचं. बेंगळुरात मी राहतो तिथे ‘मालवणी’ म्हटलं की लोकांना आधी मसाला आठवतो, सुरमईची थाळी आठवते. महाराष्ट्रात ‘वस्त्रहरण’ नाटक आठवतं, म्हणजे हसू येतं. दोन्हींचा मला अभिमानच आहे. नाव चवीत टिकतं, रंगमंचावर टिकतं. पण ‘माका’ आणि ‘तुका’ टिकायला कुणीतरी कुणाला तरी काहीतरी साधंच विचारावं लागतं, आणि तेही रोज. माझी मुलगी गल्लीत कन्नड बोलते, शाळेत इंग्रजी, आमच्याशी पुस्तकी मराठी. बोलीसाठी तिच्याकडे मोठा पेला नाही.

छोटा आहे. रोज रात्री आठला आईचा फोन येतो. ‘काय गो, जेवलंस?’

‘होय गो आजी, जेवलंय. तू जेवलंस?’

दोन मिनिटांत संपतं. दुसऱ्या दिवशी आठला, न मागता, पुन्हा येतो.