सालों १९९६

मी नारायणगावचा. फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तयार झालेली आमच्या गावची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन १९८०च्या दशकातच परदेशी पोचली होती. त्यामुळे वाइनचं शिक्षण घ्यायला मी फ्रान्सला निघालो, याचं घरी कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पण वाइन पारखायला मला शिकवलं ते शांपेन प्रदेशातल्या एपर्ने गावच्या एका निवृत्त तळघर-कामगाराने.

२०१२च्या द्राक्षतोडणीत मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो. शांपेनची द्राक्षं हातानेच तोडायची असा तिथला नियम आहे. संध्याकाळी दुखरी कंबर धरून मी स्वयंपाकघरात बसे आणि ते बोलत. उभा जन्म त्यांनी बाटल्या फिरवल्या होत्या. तिरक्या फळीच्या भोकात खोचलेली बाटली रोज जराशी वळवायची, जराशी उभी करायची; असं करत करत आतला यीस्टचा गाळ तोंडाशी येतो. आता बहुतेक ठिकाणी ते काम यंत्रं करतात. या आजोबांची मनगटं मात्र कायमची दुखावली होती.

निघायच्या आदल्या रात्री त्यांनी सालों १९९६ ही शांपेन काढली. सालों म्हणजे एकच गाव, ल मेनिल-स्युर-ओजे. एकच द्राक्ष, शार्दने. आणि एकाच सालचं पीक. साल मनासारखं नसेल तर ती काढतच नाहीत. विसाव्या शतकातली अवघी ३७ सालं निघाली. ही बाटली सोबत्यांनी वर्गणी काढून त्यांना निवृत्तीच्या दिवशी दिलेली. मी नको नको म्हणत राहिलो. “मुलगा येतो, पण त्याला घाई असते,” एवढंच ते म्हणाले.

बर्फाची बादली त्यांनी आणू दिली नाही. उंच निमुळते पेले बाजूला सारून साध्या पांढऱ्या वाइनचे, पोट असलेले पेले घेतले. पहिल्या घोटाला मी म्हणालो, “फार आंबट आहे.” १९९६ला द्राक्षांत साखर भरपूर उतरली आणि आंबटपणाही तितकाच टिकला, असा योग क्वचित येतो. हे मी वाचलं होतं; जिभेला ठाऊक नव्हतं.

ते रागावले नाहीत. “गिळ आणि मोज,” म्हणाले. घोट उतरल्यावर चव किती सेकंद रेंगाळते ते तिथे मोजतात. एका सेकंदाला कॉदाली म्हणतात. मी मोजू लागलो. दहापर्यंत नुसती लिंबाची साल. मग पाटीवरच्या ओल्या खडूचा वास, मागोमाग भाजलेला बदाम, आणि तोंडाला सुटलेलं पाणी थांबेना. तिशीपुढे मोजणं सुटलं. सगळी वाइन त्या आंबटपणावरच उभी होती. तासाभराने, पेल्यातली थंडी उतरल्यावर, मधाचा गंध वर आला. इतकी सरळ आणि इतकी लांब वाइन मी पुन्हा चाखलेली नाही.

त्या तासात त्यांनी स्वतः अर्धाच पेला घेतला. बाकीची बाटली माझ्यापुढे ठेवली.

पुढे एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. एक जुनी शांपेन बर्फगार आली, आणि आंबट म्हणून सगळ्यांनी तिला तळाला टाकलं. मी वीस मिनिटं मागून घेतली. शेवटी ती पहिल्या तिनांत आली. हे त्यांना कळवायला फोन केला, तेव्हा ते जाऊन महिना झाला होता.

जुन्या सालची शांपेन कधी तुमच्या वाट्याला आली, तर ती बर्फात बुडवून मारू नका. पोटाच्या पेल्यात ओता, थोडं थांबा, आणि घोट उतरल्यावर मोजा.