कॅन, करवत आणि न आलेला तिसरा भाग

‘हाफ-लाइफ २’ बाजारात आला १६ नोव्हेंबर २००४ रोजी. शूटर गेम खेळणाऱ्यांची त्या वर्षी चंगळ होती. मार्चमध्ये ‘फार क्राय’, ऑगस्टमध्ये ‘डूम ३’ आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ‘हेलो २’. सगळेच गाजले. पण त्यातला आज पुन्हा लावून बसावासा वाटतो तो एकच. का, ते शोधता शोधता ही टिपणं झाली.

*

आधी पहिल्या भागाविषयी. गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन हे दोघं मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडले आणि १९९६ मध्ये त्यांनी व्हॉल्व्ह काढली. ‘क्वेक’चं इंजिन परवान्यावर घेतलं, त्यात भरपूर फेरफार केले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ आणला. गोष्ट तशी जुनीच: प्रयोगशाळेत प्रयोग फसतो, दुसऱ्या मितीतले प्राणी आत शिरतात. सांगायची तऱ्हा मात्र नवी होती. मध्येच गेम थांबवून चित्रफीत दाखवायची नाही. जे घडेल ते नायक गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यांनीच दिसेल. सुरुवातीची काही मिनिटं तर तुम्ही नुसते ट्रॅममध्ये बसून कामावर जाता. गोळीबाराच्या गेममध्ये इतका वेळ गोळीच न झाडणं हे त्या काळी धाडसच होतं.

असा गेम गाजला की दुसरा भाग काढणं अवघड. सोपी वाट सगळ्यांना ठाऊक असते: शत्रू दुप्पट, बंदुका मोठ्या, स्फोट आणखी मोठे. व्हॉल्व्हनं १९९९ मध्ये काम सुरू केलं आणि पाच वर्षं घेतली. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर झाल्याचं न्यूएलनं पुढे सांगितलं.

*

दुसऱ्या भागाची सुरुवातही गाडीतच होते, पण ही गाडी कामावर नेणारी नाही. सिटी १७ च्या स्टेशनात उतरायचं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर डॉक्टर ब्रीन नावाचा गृहस्थ सगळ्यांचं गोड शब्दांत स्वागत करतोय. माणसं निळ्या गणवेशात, खाली मान घालून. हातात तुमच्या काहीच नाही.

बाहेर पडायच्या वाटेवर एक मुखवटेवाला शिपाई उभा असतो. तो दांडक्यानं एक रिकामा कॅन खाली पाडतो आणि हुकूम सोडतो: उचल, कचरापेटीत टाक.

इथं दोन गोष्टी एकदम होतात. वस्तू उचलायची कोणत्या बटणानं आणि टाकायची कशी, हे तुम्ही शिकता. आणि या शहरात माणसाची किंमत काय, हेही तुम्हाला कळतं. सूचनाफलक नाही, निवेदक नाही. निमूटपणे कॅन पेटीत टाकला तर शिपाई हसतो आणि वाट देतो. त्याच्या तोंडावर फेकून मारला तर तो विजेचा दांडका घेऊन मागे लागतो. दोन्हींसाठी गेममध्ये वेगवेगळी पदकं आहेत. एकाचं नाव शरणागताचं, दुसऱ्याचं बंडखोराचं. सरकारी कचेरीत खिडकीमागच्या माणसानं उगाच परत पाठवलेल्या कोणालाही हा प्रसंग समजवावा लागत नाही.

*

फ्रीमन एमआयटीचा भौतिकशास्त्रातला डॉक्टर. अख्ख्या मालिकेत एक अक्षर बोलत नाही. त्याची साथीदार ॲलिक्स या अबोलपणाची एकदा थट्टाही करते. एवढा शिकलेला माणूस, आणि पहिल्या भागात त्याच्याकडून करून घेतलेलं भौतिकशास्त्र म्हणजे एक ढकलगाडी ढकलणं. दुसऱ्या भागात मात्र त्याचं शिक्षण थोडं कामी येतं.

कालव्यांतून पळताना एके ठिकाणी एक फळी मधोमध टेकवलेली आहे. तिच्या एका टोकावर सिमेंटचे ठोकळे रचत गेलं की दुसरं टोक तुमच्या वजनानं खाली जात नाही. त्यावरून चढून पुढे जाता येतं. नंतर एअरबोट हाकताना एक उतार पाण्यात पडलेला लागतो. त्याच्याखाली रिकामी पिंपं सारली की तो तरंगत वर येतो आणि बोट उडवायला रस्ता होतो. शाळेतला तरफेचा आणि आर्किमिडीजचा धडा.

यामागचं गणित डब्लिनच्या हॅवोक कंपनीचं. व्हॉल्व्हनं ते घेऊन त्यावर आपले बरेच संस्कार केले. त्याआधीच्या बहुतेक शूटर गेमांत पिंप हे शोभेचं किंवा स्फोटाचं. त्याला वजन नव्हतं. इथं लाकूड तरंगतं, लोखंड बुडतं, ठोकळा जड लागतो. दुसऱ्या भागानं शत्रूंची संख्या वाढवण्याआधी वस्तूंना वजन दिलं, हे मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

*

ग्रॅव्हिटी गन. मोठं नाव वेगळंच आहे आणि सांगतात की ती घातक माल हाताळण्यासाठी बनवलेली. ॲलिक्स ती तुमच्या हाती देते, ती लढाईसाठी नाही. तिचा ‘डॉग’ नावाचा धिप्पाड यंत्रमानव आहे, त्याच्याबरोबर चेंडू झेलायला. दोनचार मिनिटं मजेत खेळ होतो आणि त्यात खेचणं, धरणं, भिरकावणं हाताला बसतं. मग तुम्ही असता त्या तळावर हल्ला होतो आणि ज्या वाटेनं कोणी जात नाही असं नुकतंच ऐकलेलं असतं, त्याच वाटेनं तुम्हाला जावं लागतं.

रेव्हनहोम. खाणकामगारांचं ओस पडलेलं गाव, रात्र, झॉम्बी. शिरताच एक झॉम्बी कमरेतून कापलेला दिसतो आणि भिंतीत रुतलेलं करवतीचं गोल पातं. कोणी काही सांगत नाही. तुम्ही ग्रॅव्हिटी गननं ते पातं खेचून घेता, तेवढ्यात समोर कोणीतरी लडखडत येतं आणि काय करायचं ते तुमचं तुम्हालाच सुचतं. सुचवलेलं असतं त्यांनीच, पण शाबासकी आपण स्वतःला देतो! असं शिकवणारे मास्तर फार थोडे.

गावात एकच जिता माणूस: फादर ग्रिगोरी. छपरांवरून बंदूक चालवतो, मोठमोठ्यानं हसतो आणि आपल्या बिघडलेल्या कळपाला मुक्ती देतो.

*

सिटी १७ कुठं आहे ते गेम सांगत नाही, पण पूर्व युरोपात आहे हे लपवतही नाही. कला-दिग्दर्शक व्हिक्टर आंतोनोव्ह मूळचा बल्गेरियाच्या सोफियाचा. त्यानं शहर थराथरानं बांधलं. खाली जुन्या युरोपातली गिलावा सुटलेली घरं, त्यांच्या शेजारी सोव्हिएत काळाच्या चौकोनी चाळी, आणि या सगळ्यावर पृथ्वी जिंकलेल्या परग्रहवासीयांचं काळंनिळं धातूचं बांधकाम, भिंतींमध्ये घुसून त्यांना ढकलत चाललेलं. आणि हे सगळं जिथून चालतं तो सिटाडेल नावाचा मनोरा, नजर पोहोचणार नाही इतका उंच.

किनाऱ्याच्या रस्त्यावर धक्के पाण्यापासून खूप वर, कोरडे उभे आहेत. समुद्र खाली गेलाय. म्हणजे जिंकणाऱ्यांनी पाणीसुद्धा उपसून नेलंय. गेममध्ये यावर कोणी भाषण करत नाही. तसंच लहान मुलांचं. अख्ख्या शहरात एकही मूल नाही. का, ते ब्रीनच्या एका प्रक्षेपणातून कळतं: प्रजननच दाबून टाकलंय, आणि ते कसं आपल्या भल्याचं आहे हे तो एका नागरिकाच्या पत्राला उत्तर म्हणून समजावतो.

आंतोनोव्ह फेब्रुवारी २०२५ मध्ये गेला, अवघ्या बावन्नाव्या वर्षी.

*

गेम मुळात ३० सप्टेंबर २००३ ला यायचा होता. मे २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात त्याची झलक पाहून लोक वेडे झाले होते. तारीख हुकली, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोर्स कोडच इंटरनेटवर फुटला. घुसखोर निघाला जर्मनीतला एक तरुण, गेमचा निस्सीम चाहता. पुढे त्यानं आपणहून न्यूएलला मेल करून कबुली दिली. व्हॉल्व्हनं त्याची फोनवर ‘मुलाखत’ घेतली. नोकरीच्या आमिषानं अमेरिकेत बोलवायचं आणि एफबीआयच्या हाती द्यायचं, असा बेत. त्याआधीच मे २००४ मध्ये जर्मन पोलिसांनी त्याला घरून उचललं. शिक्षा झाली ती दोन वर्षांच्या परिवीक्षेची.

चोरीपेक्षा कंपनीला लागलं असेल ते दुसरंच. फुटलेल्या कोडमधून जगाला कळलं की गेम अजून अर्धाकच्चा आहे आणि प्रदर्शनात जे दिसलं ते बरंचसं बसवून आणलेलं होतं.

*

त्याच काळात कंपनीवर दुसरंही संकट होतं. प्रकाशक व्हिवेंडीशी खटला. भांडणाचं मूळ ऐकून आपल्याकडच्या वाचकाला गंमत वाटेल: व्हॉल्व्हचे गेम सायबर कॅफेंना विकायचा हक्क कोणाचा? खटला लांबला, उलट दावा झाला, पैसा संपत आला. समोरच्या बाजूनं कोरियन भाषेतल्या कागदांचा डोंगर पाठवला. व्हॉल्व्हच्या २०२४ च्या माहितीपटात सांगितलंय की उन्हाळी कामाला आलेल्या, कोरियन येणाऱ्या एका विद्यार्थ्यानं तो डोंगर वाचला आणि त्यात पुरावे नष्ट केल्याचा उल्लेख असलेला मेल सापडला. २००५ मध्ये तडजोड झाली आणि व्हिवेंडीला व्हॉल्व्हचे गेम वाटण्याचं काम सोडावं लागलं.

*

सायबर कॅफेवरून. पुण्यामुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या कॅफेंत त्या वर्षांत पोरं ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत होती. तो मुळात ‘हाफ-लाइफ’वर चाहत्यांनी उभारलेला जोडगेम, १९९९ चा. मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी सुरू केला, मग व्हॉल्व्हनं घेतला. त्यातल्या ‘डस्ट टू’ या नकाशाच्या गल्ल्या ज्यांना आपल्या आळीसारख्या पाठ होत्या, त्यांतल्या कित्येकांनी फ्रीमनचं नावही ऐकलं नव्हतं. पण ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ चालू करणारी फाइल ‘एचएल’ याच नावाची होती.

‘हाफ-लाइफ २’ मात्र कॅफेत फारसा रुजला नाही. एकट्यानं, तासन्‌तास खेळायचा गेम. तासावर पैसे मोजत कोण खेळणार? शिवाय स्टीम या व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन सेवेचं लचांड. दुकानातून खोका विकत घेतला तरी इंटरनेटवर नोंदणी केल्याशिवाय गेम उघडत नसे. पहिल्या दिवशी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनाही सर्व्हर तुंबल्यामुळे ताटकळावं लागलं. आपल्याकडे तर त्याच्या महिनाभर आधी, ऑक्टोबर २००४ मध्ये, केंद्र सरकारच्या धोरणानं ‘ब्रॉडबँड’ म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरवलं होतं, आणि तेवढंही घरोघरी नव्हतं. मग लोकांनी गेम खेळला तो लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरच्या सीडीवरून, क्रॅक लावून. स्टीमवर रुपयांत किमती आल्या २०१५ च्या नोव्हेंबरात. चोरीचं समर्थन नाही करत, पण रांगेत उभं राहायला खिडकीच नव्हती, हेही खरं.

*

दोषही दाखवायला हवेत. एअरबोटीचा प्रवास लांबलाय, एक तृतीयांश सहज कापता आला असता. शेवटाकडे रस्त्यावरच्या लढाईत जे साथीदार मागे लागतात, ते नेमके दारात उभे राहून वाट अडवतात आणि वर माफीही मागतात. नेहमीच्या बंदुका तर ‘हेलो’पुढे फिक्या. पण शेवटच्या टप्प्यावर सगळी हत्यारं काढून घेतली जातात आणि एकटी ग्रॅव्हिटी गन नारिंगीची निळी होऊन माणसंसुद्धा उचलू लागते, तेव्हा या फिक्या बंदुकांची आठवणही राहत नाही.

*

आता तिसऱ्या भागाचं. २००६ मध्ये ‘एपिसोड वन’, ऑक्टोबर २००७ मध्ये ‘एपिसोड टू’. दुसरा संपतो तो ॲलिक्सच्या बापाच्या मृत्यूवर, आणि तिथंच गोष्ट लटकली. ‘एपिसोड थ्री’ आलाच नाही. लेखक मार्क लेडलॉ २०१६ मध्ये कंपनी सोडून गेला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यानं पात्रांची नावं बदलून कथेचा आराखडा स्वतःच प्रसिद्ध केला. २०२० मध्ये ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’ आला, तोही डोक्यावर व्हीआरचा संच चढवला तरच खेळता येणारा, आणि कथा दुसऱ्या भागाच्या आधीची.

२०२४ च्या माहितीपटात न्यूएल सांगतो की गोष्ट पुरी करायची म्हणून गेम काढणं त्याला पळवाट वाटली असती. एपिसोड थ्रीनं नवं काय दिलं असतं, ते त्याला सापडेना. बर्फ उभारणारी एक बंदूक बनवून पाहिली होती, ती माहितीपटात दिसते.

यावर चाहते चिडतात. मला त्याचं म्हणणं पटतं, अर्धं. ज्या कंपनीनं दुसऱ्या भागात आपल्या हातात वजन दिलं, तिला नुसती पुढची गोष्ट घेऊन येताना संकोच वाटणारच. पण एका बापाला मारून, लेकीला रडत ठेवून वर्षानुवर्षं गप्प बसायचं, याला कलेची निष्ठा म्हणायला मी तयार नाही. तो कारागिराचा अहंकार आहे. एखादा बरा, साधा, नवं काही नसलेला शेवटही चालला असता.

*

खेळला नसेल त्यांच्यासाठी: आज हा गेम साध्या लॅपटॉपवरही चालतो, आणि स्टीमवर सवलतीच्या दिवसांत फार स्वस्तात मिळतो. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटपासून दोन्ही एपिसोड त्यातच येतात, आणि निर्मात्यांचं साडेतीन तासांचं ध्वनिनिवेदनही. पहिल्या खेपेस ते बंद ठेवा. रेव्हनहोम मात्र पहिल्याच खेपेस एकही गोळी न झाडता, फक्त ग्रॅव्हिटी गननं पार करून बघा. त्यासाठीही पदक आहे.