पेजाचा आकार यंत्राला विचारावा

तपासायला आलेल्या कोडमध्ये ४०९६ हा आकडा जसाच्या तसा लिहिलेला दिसला की मी तिथेच थांबतो. इंटेलच्या प्रोसेसरवर हात बसलेल्या माणसाला मेमरीचं पेज ४ केबीचं आणि ह्यूज पेज २ एमबीचं, हे इतकं अंगवळणी पडतं की दुसरा आकार असू शकतो हेच तो विसरतो.

ह्यूज पेज लागतं कशाला? प्रोग्रामच्या पत्त्यावरून रॅममधला पत्ता काढायला प्रोसेसर पेज टेबलच्या बहुधा चार पायऱ्या उतरतो. दर वेळी ती उतरंड नको म्हणून नुकतेच काढलेले पत्ते तो टीएलबीत जपून ठेवतो. इंटेलच्या स्कायलेक पिढीत टीएलबीच्या दुसऱ्या स्तरात १५३६ नोंदी मावतात. ४ केबीच्या पेजांनी त्या सगळ्या मिळून जेमतेम ६ एमबी मेमरी झाकतात, २ एमबीच्या पेजांनी ३ जीबी. शेकडो जीबी चाळणाऱ्या डेटाबेसला हा फरक लगेच जाणवतो.

२ एमबी हा आकार हिशेबातून पडतो. इंटेलवर पेज टेबलचा प्रत्येक तुकडा एका पेजात बसतो. ४ केबीत ८ बाइटच्या ५१२ नोंदी मावतात. शेवटची पायरी गाळली की वरची एकच नोंद ५१२ पेजांचा भार उचलते, म्हणजे २ एमबी. आणखी एक गाळली की १ जीबी. ६४-बिट आर्मवर मूळ पेज १६ केबीचं घेतलं तर याच हिशेबाने ह्यूज पेज ३२ एमबीचं होतं आणि ६४ केबीचं घेतलं तर थेट ५१२ एमबीचं! इथे २०११ साली लिनक्समध्ये आलेली ट्रान्सपरंट ह्यूज पेजची, म्हणजे प्रोग्रामने न मागताही कर्नलने ह्यूज पेज देण्याची, सोय अवघडते. सलग ५१२ एमबी मोकळी रॅम सापडणं मुश्कील; सापडलीच तर ती सगळी शून्यांनी भरेपर्यंत एका बाइटसाठी आलेला प्रोग्राम ताटकळतो. आर्मने यावर मधला मार्गही ठेवला आहे. ४ केबीच्या लगतच्या १६ नोंदींवर एक बिट लावला की टीएलबी त्यांना ६४ केबीची एकच नोंद मानू शकतो.

हिशेब जमला असं वाटतं तोवर आयबीएमचं झेड मेनफ्रेम समोर येतं. मूळ पेज तिथेही ४ केबीचंच, पण शेवटच्या टेबलात नोंदी २५६. म्हणून मोठं पेज १ एमबीचं; वरच्या टेबलात नोंदी जास्त, म्हणून त्यावरचं थेट २ जीबीचं. आयबीएमच्याच पॉवरवर जुन्या हॅश रचनेत ह्यूज पेज १६ एमबीचं होतं. पॉवर९ मध्ये रॅडिक्स रचना आली आणि तेही २ एमबीवर आलं. म्हणजे सूत्र पाठ करूनही भागत नाही.

याचा फटका कर्नल लिहिणाऱ्यांपुरता राहत नाही. सर्व्हर सांभाळणारी मंडळी सेटिंगमध्ये ह्यूज पेजांची संख्या लिहून मोकळी होतात. १०२४ लिहिलं तर इंटेलवर २ जीबी रॅम राखली जाते, झेडवर १ जीबी आणि ६४ केबीच्या आर्म कर्नलवर मागणी जाते ५१२ जीबीची. कर्नल तक्रार न करता मिळेल तेवढी रॅम अडवून बसतं आणि बाकीचे प्रोग्राम गुदमरतात. म्हणून माझा आग्रह असतो, की मागणी जीबीत ठरवा, ह्यूज पेजचा आकार चालू कर्नलकडून वाचून घ्या आणि भागाकार स्क्रिप्टला करू द्या.