धाप

बालाघाटाच्या डोंगरात, धारूरकडच्या आमच्या गावात म्हातारपणीच्या दम्याला कुणी आजार मानत नसे. आजी चुलीपुढं बसायची. जळण पऱ्हाटीचं नाहीतर गोवऱ्यांचं. पावसाळ्यात ओल्या जळणाचा धूर घर सोडायचाच नाही. फुंकणी फुंकायची, खोकायची, पुन्हा फुंकायची. रात्री उबळ आली की मांडीवर उशी घेऊन पुढं वाकून बसायची. तिच्या छातीतली शिट्टी मला अंथरुणात ऐकू यायची.

वडिलांनाही दमा होता. ते मृगाला परळीहून रेल्वेनं हैदराबादला जायचे, औषध घातलेला जिवंत मासा गिळून यायचे. कोजागिरीला औषधाची खीर. थंडी पडली की धाप पुन्हा हजर.

मला साठीनंतर, सोयाबीनच्या मळणीत, भुशानं छाती भरून आली. जो तो म्हणे, "मास्तर, आता वय झालं." लेकीनं अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात नेलं. यंत्राच्या नळीत जीव खाऊन फुंकलो. मग औषध ओढायला दिलं आणि थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. आकडा चांगलाच वाढला. बिडीनं कायमच्या आखडलेल्या श्वासनळ्या औषधानं सहसा एवढ्या खुलत नाहीत; माझ्या खुलल्या, म्हणजे दमा. त्यावर उपचार आहे, हे ऐकलं आणि आजी आठवून पोटात तुटलं. तिच्या धापेला आम्ही सगळ्यांनी वयाच्या खात्यावर टाकलं होतं.

उतारवयातल्या दम्याच्या अडचणी वेगळ्या. संधिवातानं आखडलेल्या बोटांनी औषधाचा पंप दाबवत नाही, दाबला तर श्वासाचा मेळ बसत नाही. पंपाला स्पेसरची नळकांडी लावली की औषध नीट आत जातं. काचबिंदूचे काही थेंब, गुडघेदुखीच्या काही गोळ्या दमा उसळवू शकतात; म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांपुढं ठेवावीत. रोजचा स्टेरॉइडचा पंप नळ्यांची सूज उतरवतो. ओढल्यावर चूळ भरून टाकायची, एवढंच पथ्य. पारावर सांगतात तशी त्याची सवय लागत नाही.

खरी काळजी पुढचीच आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली गावं रिकामी होतात. ऊसतोडीचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. थंडीचे महिनेही तेच. मध्यरात्री धाप लागली तर 108 ला फोन लावायलाही जवळ कुणी नसतं. टोळीबरोबर निघणाऱ्या लेक-सुनांनो, घरच्या म्हाताऱ्यांची तपासणी आधी करून घ्या, गुढीपाडव्यापर्यंत पुरतील एवढे पंप घरात ठेवा आणि ते कुठं ठेवलेत हे शेजारच्या घराला सांगून मगच ट्रकमध्ये चढा.