कर्जतच्या फलाटावर नवा कॅमेरा

निवृत्तीनंतर मुलांनी हौसेने आणून दिलेला कॅमेरा अनेक घरांत कपाटातच राहतो. तो चालवणे अवघड नसते. टिपावे काय, हेच सुचत नाही. वाचकहो, आपले घर मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत पट्ट्यात असेल, तर पहिल्या सरावासाठी कर्जत स्थानक जरूर निवडा.

बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. कर्जत ते लोणावळा हे अंतर सुमारे २८ किलोमीटर. पण घाटात दर ३७ फुटांना एक फूट असा खडा चढ आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या कर्जतला थांबतात आणि त्यांच्या मागे दोन-तीन इंजिने जोडली जातात. या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. ती गाडीला मागून रेटा देत घाट चढवतात.

नवशिक्या ज्येष्ठांसाठी ही काही मिनिटे मोलाची असतात. धावती गाडी डोळ्याआधी निसटते; बँकर मात्र सावकाश येतो आणि शेवटच्या डब्याला हलकेच टेकतो. कापऱ्या हातालाही सावरायला सवड मिळते. बाकावर बसा, कोपरे अंगाशी टेकवा, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या आणि श्वास सोडताना कळ दाबा. शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० भागाइतका ठेवल्यास संथ इंजिन स्पष्ट उमटते. पूल चढणे झेपत नसेल, तर समोरच्या फलाटावरची गाडीही छान टिपता येते.

थोडी पथ्ये पाळावीत. स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे. पिवळ्या रेषेच्या आतच थांबावे आणि रूळ कधीही ओलांडू नयेत. वरच्या तारांत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. म्हणून लांब दांडीवर कॅमेरा उंचावू नये. गर्दीची वेळ व भर दुपार टाळावी. पाणी, नेहमीची औषधे आणि पावसाळ्यात न घसरणारी पादत्राणे विसरू नयेत. फलाट तिकिटाची मुदत दोन तासांची असते. पहिल्या दिवशी त्याहून अधिक वेळ थांबूही नये.

सोबत जाणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती. आजोबांना वेळ लागतो म्हणून कॅमेरा त्यांच्या हातून घेऊ नका. चित्र तिरके आले तर येऊ द्या. जिना चढताना हात द्या, पिशवी तुम्ही धरा, गाडीची घोषणा कानाशी पुन्हा सांगा. कळ मात्र त्यांनाच दाबू द्या. बँकरही गाडीच्या पुढे जात नाही. तो मागे राहूनच बळ देतो.

घरी परतल्यावर एक तरी छायाचित्र कागदावर छापून घ्या आणि मागे तारीख व गाडीचे नाव त्यांच्याच हस्ताक्षरात लिहवून घ्या. पुढच्या फेरीचा दिवसही तेव्हाच ठरवून टाका.