मुखवटा, बॅटरी, डबा

भाची सहा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस राहायला आली, तेव्हा तिला लॅपटॉपवर एक जुना खेळ लावून दिला: 'पजामा सॅम'. १९९६ सालचा, अमेरिकेतल्या ह्युमंगस एंटरटेनमेंट या कंपनीचा. त्यात फुगे फोडायची घाई नाही, गुण नाहीत, कोपऱ्यात टिकटिकणारं घड्याळ नाही. कंटाळून दहा मिनिटांत उठेल असं वाटलं होतं. जेवायला चार हाका माराव्या लागल्या. त्या आठ दिवसांत वहीत जे खरडलं ते हे.

*

गोष्ट एवढीच. सॅमला अंधाराची भीती वाटते. रात्री आई दिवा घालवून जाते. कॉमिकमधला पजामा मॅन हा सॅमचा आदर्श, म्हणून तोही ठरवतो, की आज अंधाराला पकडायचंच. मुखवटा चढवतो, बॅटरी घेतो आणि अंधाराला कोंबायला शाळेचा डबा घेतो. डब्याला त्याने नाव मात्र भारदस्त दिलंय, 'दुष्टांना कोंडायचा फिरता पेटारा' अशा थाटाचं. मग कपाटात शिरतो तो थेट अंधाराच्या राज्यात जाऊन पडतो.

तिथे पाय ठेवतो न ठेवतो तोच फासात अडकून उलटा टांगला जातो आणि झाडं त्याच्या तिन्ही वस्तू काढून घेतात. झाडं म्हणजे तिथले कस्टमवाले. तपासणी, जप्ती, चला पुढे. पावती नाही.

भाचीला हा अन्याय अजिबात सहन झाला नाही. "त्याने चोरी कुठे केली होती?" मी म्हटलं, कस्टममध्ये असंच असतं. "कस्टम म्हणजे काय?" इथे मी चहा टाकायला उठले.

*

मराठीत 'हरवणे' हे क्रियापद मोठं लबाड आहे. मी त्याला हरवलं म्हणजे मी जिंकले. माझा डबा हरवला म्हणजे माझं नुकसान झालं. एकच शब्द, एकदा फायद्याचा, एकदा तोट्याचा. या खेळात दुसऱ्या अर्थाचं हरवणं जागोजाग आहे, पहिल्या अर्थाचं जवळजवळ नाहीच. सॅम मरत नाही, त्याचे 'जीव' संपत नाहीत, चुकीच्या जागी क्लिक केलं म्हणून खेळ सुरुवातीपासून खेळावा लागत नाही. सगळं हरवलेलं असतं, पण हरता येत नाही.

*

ही सवलत मुलांवर दया म्हणून आलेली नाही. ह्युमंगस कंपनी १९९२ साली रॉन गिल्बर्ट आणि शेली डे यांनी काढली. त्याआधी गिल्बर्ट लुकासफिल्मच्या खेळ-विभागात होता. मोठ्यांसाठीचा 'मंकी आयलंड' (१९९०) त्याचाच. त्या काळच्या साहसखेळांत दर दोन पावलांवर मरण ठेवलेलं असे. दार उघडलं, मेलात. कड्याच्या टोकाशी गेलात, मेलात. गिल्बर्टने १९८९ साली एक लेख लिहून या सगळ्या खोडींवर बोट ठेवलं. मरून शिकायला लावणं ही खेळाची वाईट रचना आहे, असा त्याचा एकूण सूर. आणखी एक मुद्दा त्याने मांडला: अडचण आधी दिसावी, तिच्यावरचा उपाय नंतर सापडावा. किल्ली आधी खिशात आणि कुलूप तीन गावं ओलांडून, असं झालं की खेळणारा विचार करत नाही, दिसेल ते उचलत सुटतो.

ही शहाणीव आधी मोठ्यांच्या खेळात आली आणि मग मुलांच्या. पजामा सॅमच्या लेखनात डेव्ह ग्रॉसमनचा हात आहे, तोही 'मंकी आयलंड'च्या लेखकांपैकी एक. म्हणजे मुलांसाठी वेगळा, हलका कारागीर बसवला नव्हता.

*

क्रियापदांची गळती:
'मेनियाक मॅन्शन' (१९८७) – पडद्याच्या तळाशी पंधरा क्रियापदं. ढकल, ओढ, उघड, दे, वाच...
'मंकी आयलंड २' (१९९१) – नऊ.
'पजामा सॅम' – शून्य.

वाचता न येणाऱ्या मुलापुढे क्रियापदांचा तक्ता ठेवून उपयोग काय? मग नुसता बाण उरला. वस्तूवर टेकवा, दाबा. काय करायचं ते त्या वस्तूलाच ठाऊक. भाचीला इंग्रजी जेमतेम, तरी तिचं कुठे अडलं नाही. सॅम काय बोलतो हे ती मला विचारायची, पण माझं उत्तर येईपर्यंत थांबायची नाही.

*

ऑटो नावाची एक होडी आहे. लाकडाची. नदीकाठी बसून असते, पाण्यात उतरायला तयार नाही. का, तर आपण बुडू अशी तिला खात्री. होडीला पाण्याची भीती! भाची एवढी हसली की उचकी लागली.

सॅम तिला लेक्चर देत नाही. लाकडाचा एक तुकडा पाण्यात टाकून दाखवतो. तुकडा तरंगतो. लाकूड तरंगतं, तू लाकडाची, म्हणजे तूही तरंगशील. ऑटो पाण्यात उतरते आणि मग सॅमला नदीभर फिरवते.

दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या बादलीत एक लाकडी चमचा, एक कंगवा, एक रुपयाचं नाणं आणि माझी लिपस्टिक. ओरडले नाही. लिपस्टिक बुडते, हे मलाही माहीत नव्हतं.

*

अंधाराला भिणारा मुलगा पाण्याला भिणाऱ्या होडीला धीर देतो. स्वतःच्या भीतीबद्दल मात्र त्याला अजून काही सुचलेलं नाही. दुसऱ्याची भीती नेहमी सोपी असते.

*

शोधणं आपल्या हातात, सापडणं वस्तूच्या. मराठी व्याकरणाचंही तेच म्हणणं आहे. 'मी बॅटरी शोधते' यात कर्ता मी. 'मला बॅटरी सापडली' यात सापडणारी बॅटरी, मी नुसती समोर उभी.

*

पहिल्यांदा खेळ संपला तेव्हा भाची माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, ओढत घेऊन आली. "आजी, बघ हं, मला सगळं माहितीये." नवा खेळ सुरू केला, तरातरा मागच्या वेळच्या जागी गेली. बॅटरी नाही! पुन्हा क्लिक, पुन्हा. "मावशी, गेल्या वेळी इथेच होती!"

यातली गंमत अशी. नवा डाव सुरू केला की खेळ मनातल्या मनात चिठ्ठी उचलतो. प्रत्येक वस्तूच्या ठरलेल्या काही जागा असतात, त्यातली एक या डावासाठी निवडतो. जागा बदलली की वाटही बदलते. मागच्या वेळी ज्याची गरज पडली नाही तो या वेळी अडवून बसतो. एकाच सीडीत तीनचार गोष्टी विणलेल्या.

पण पुन्हा बघत बसले तेव्हा एक लक्षात आलं. जागा पाठ करून उपयोग झाला नाही, तरी दुसऱ्या वेळी ती वेगाने पुढे सरकली. ऑटोला काय दाखवायचं, कोणाशी आधी बोलायचं, खाणीतल्या बोलक्या गाडीपाशी कसं जायचं, हे तिच्या हातात बसलं होतं. उत्तर बदललं, पण विचारायची पद्धत तशीच राहिली. शाळेच्या परीक्षेत याच्या उलट असतं, पण तो विषय या वहीत नको.

*

घरी वस्तू हरवली की आमच्याकडे तीन गोष्टी होतात. वडील म्हणतात, "ठेवली तिथेच असेल." हे वाक्य खरं आहे आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही. आई कार्तवीर्यार्जुनाचा श्लोक म्हणते. सहस्र हातांचा तो राजा हरवलेलं शोधून देतो अशी श्रद्धा, आणि हजार हातांना कपाटामागेही पोचता येत असणार. आणि मी शेवटचं कुठे पाहिलं ते आठवत बसते.

त्याच आठवड्यात आईचा चष्मा हरवला. श्लोक झाला, सोफ्याच्या गाद्या उचलून झाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आमच्या घरात फक्त चष्म्यासाठी राखून ठेवलेली आहे, म्हणून सगळ्यांनी आधी आईच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे नव्हता.

भाची मात्र जागा शोधत नव्हती. ती माणसांना गाठत होती. आजोबांना विचारलं, कामाच्या मावशींना विचारलं, मग खालच्या आजींना. खालच्या आजींनी आधी तिला चकली खायला लावली, मग म्हणाल्या, अगं, सकाळी पंचांग बघायला आली होती, इथेच राहिला. पंचांगात खूण म्हणून घातला होता.

सॅमच्या राज्याचा हाच नियम आहे. तिथे वस्तू आपोआप पडलेली नसते. कोणाकडे तरी असते, आणि मिळवायची तर आधी त्याचं काही ऐकावं लागतं.

*

याच कंपनीच्या इतर खेळांत काय काय गायब आहे त्याची यादी केली:
'फ्रेडी फिश' (१९९४): ग्रूपर आजीचा समुद्रवनस्पतीच्या बियांचा ठेवा. माग बाटल्यांतल्या चिठ्ठ्यांवरून.
'पट-पट सेव्ह्ज द झू' (१९९५): प्राणिसंग्रहालय उघडायच्या दिवशीच सहा पिल्लं.
'फ्रेडी फिश २' (१९९६): शाळेतल्या पोरांची खेळणी. पळवणारं भूत.
'पजामा सॅम्स सॉक वर्क्स' (१९९७): हा शोधाचा खेळ नाही. रंगीबेरंगी मोजे रंगाप्रमाणे टोपल्यांत पोचवायचे. हरवणं टाळण्याचं शिक्षण म्हणावं का?

पळवणारे दुष्टही फार दुष्ट नाहीत. गोंधळलेले किंवा लोभी. शिक्षा मोठी नाही. वस्तू परत मिळाली की विषय मिटला.

*

फुलावर क्लिक केलं की फूल शिंकतं. दगडावर केलं की दगड उठून जागा बदलतो. अशा हातांनी रेखलेल्या गमती पडद्यापडद्यावर पेरलेल्या आहेत आणि बॅटरी शोधायला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. मी खेळते तेव्हा त्या टाळून सरळ कामाच्या वस्तूकडे जाते. भाची एक गंमत सात वेळा बघते. सातव्या वेळी जास्त हसते, कारण आता काय होणार हे तिला आधीच ठाऊक असतं.

आमच्या दोघींत बॅटरी आधी मला सापडते. खेळ मात्र तिला जास्त मिळतो.

*

या खेळाचं स्वतःचं हरवणंही टिपून ठेवते. १९९६ मध्येच कंपनी जीटी इंटरॅक्टिव्हने घेतली. १९९९ मध्ये त्या जीटीलाच फ्रान्सच्या इन्फोग्रामने गिळलं. विंडोज बदलत गेलं, सीडीची खोबण लॅपटॉपवरून नाहीशी झाली. अशा वेळी खेळ मरतात.

हे खेळ तगले, त्याचं कारण 'मेनियाक मॅन्शन'च्या वेळेला जाऊन भिडतं. तेव्हा गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 'स्कम' नावाची व्यवस्था बांधली होती. खेळातली गोष्ट, संवाद, कोणत्या दारामागे काय हे सगळं एका बाजूला लिहिलेलं, आणि ते वाचून पडद्यावर घडवणारा भाग वेगळा. पोथी वेगळी, वाचणारे बुवा वेगळे. ह्युमंगसने तीच व्यवस्था स्वतःला हवी तशी वाढवून वापरली. २००१ साली काही हौशी प्रोग्रामरांनी 'स्कमव्हीएम' सुरू केलं, म्हणजे नवे बुवा आणले. जुनी पोथी त्यांच्यापुढे ठेवली की ते आजच्या यंत्रावर ती वाचतात. ह्युमंगसच्या पोथ्याही त्यांना हळूहळू वाचता येऊ लागल्या. २०१४ पासून हे खेळ 'स्टीम' या ऑनलाइन दुकानात पुन्हा विकतही मिळू लागले.

*

शेवटाबद्दल. तिन्ही वस्तू मिळवून सॅम अंधाराच्या घरी पोचतो, त्याच्या खोलीतलं कपाट उघडतो. आत अंधार आहे. एकटा बसलेला, सगळे घाबरतात म्हणून कोणी खेळायला येत नाही अशी त्याची तक्रार. डब्यात कोंबायचं राहूनच जातं. दोघं खेळतात.

मला हा शेवट आधी गोडगोड वाटला होता. मग मनात आलं, की बॅटरी मिळवायला एवढा जीव टाकला, तो अंधारावर झोत मारायला नव्हे. बॅटरी हातात असल्याशिवाय ते कपाट उघडायचा धीर झाला नसता, एवढंच.

*

शेवटच्या दिवशीचं. सामान बांधून झालं, भावोजी संध्याकाळी न्यायला येणार. तिसरा डाव चालू. मुखवटा मिळाला, डबा मिळाला, बॅटरीही मिळाली. आता सरळ वर अंधाराच्या घरी जायचं. ही आपली खाली नदीवर, ऑटोत बसून वर-खाली, वर-खाली.

"अगं, सगळं सापडलंय. जा की वर."

"मग संपेल ना."

भावोजी आले, बूट न काढता दारातच उभे. तेव्हा कुठे वर गेली, कपाट उघडलं, अंधाराला भेटली. नावं यायला लागली. बापाने बॅग उचलली. तिने माझ्याकडे बघितलं आणि बाण नव्या डावावर नेऊन टेकवला.

"मावशी, पाचच मिनिटं. परत हरवूया."